पुठ्ठ्यावरचं हसू

मंगळवार, ४ मार्च. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं.

वेळ मुद्दाम लिहिते आहे. पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात माझी सगळी नोकरी गेली. ज्या तक्रारीवर तारीख आणि वेळ नाही ती तक्रार नव्हे, नुसतं रडगाणं, हे मी हाताखालच्या प्रत्येक कारकुनाला ऐकवलेलं आहे.

तर अकरा वाजून दहा मिनिटांनी, चौकातल्या मोठ्या दुकानात, साबणाच्या रांगेतून वळून मी बिल करायला निघाले आणि समोर हे उभे होते.

हे म्हणजे माझे यजमान. ऑक्टोबरात गेले. झोपेत.

हसत होते. हातात बिअरचा ग्लास, त्यावर फेसाची टोपी, मागे हिरव्या बाटल्यांचा डोंगर रचलेला. पुठ्ठ्याचे होते. माणसाएवढे, कडेकडेनं कापून काढलेले, पाठीमागून तिकोनी टेकू दिलेला. डोक्यावर लिहिलं होतं, ‘आमचा चाहता क्रमांक एक!’ आणि पायाशी त्या परदेशी बिअरचं नाव. ते नाव मी इथे लिहिणार नाही. फुकट जाहिरात करायला मी काही त्यांची पगारी नोकर नाही.

हातातली साबणाची वडी खाली पडली. हिरवा एप्रन घातलेली एक मुलगी तिथे इवल्या इवल्या कपांतून बिअर वाटत होती. तिनं वडी उचलून दिली.

“काकू, एक घोट चाखून बघता का? फ्री आहे.”

“हा माणूस कोण आहे?”

“मॉडेल असेल कुणीतरी. पण गोड हसतो ना?”

मी वडी टोपलीत टाकली आणि बाहेर पडले. बिल न करता. आयुष्यात पहिल्यांदा. घरी पोचल्यावर लक्षात आलं, परत जाऊन पैसे दिले. तेव्हा पुन्हा एकदा पाहिलं. हेच होते.

आमच्या घरात बिअरचा थेंब कधी आला नाही. खोकल्याचं औषधसुद्धा मी लेबल वाचून आणते. माझ्यादेखत ह्यांनी ग्लास उचलला तो पाण्याचा. जेवताना चार वाक्यं सलग बोलतील तर शपथ. आणि इतके दात दाखवून हसलेले? आम्हाला मुलगी झाली तेव्हासुद्धा नाही.

बुधवार, ५ मार्च

पुरावा गोळा करायला गेले. शिवणाची टेप नेली होती. पुठ्ठा ह्यांच्यापेक्षा चांगला चार बोटं उंच आहे. गालावरचा मस डावीकडे होता, इथे उजवीकडे. शर्टाची बटणं बायकांच्या ब्लाउजसारखी उलट्या बाजूला. शर्ट मात्र निळ्या रेघांचा, मीच घेतलेला.

दुकानाचा मॅनेजर धावत आला. “मॅडम, डिस्प्लेला हात लावायचा नसतो.”

“डिस्प्ले नाही, नवरा आहे माझा,” मी म्हटलं. बिचारा तसाच मागे सरकत गेला, पेस्टच्या फळीला जाऊन टेकला.

मग म्हणाला, हे कंपनीचं काम, कंपनीलाच विचारा. पत्ता घेतला. निघताना ह्यांच्या चष्म्यावर धूळ दिसली ती रुमालानं पुसली. दुकान म्हणवतात आणि फडकं मारायला माणूस नाही.

शुक्रवार, ७ मार्च

लेकीला फोनवर सांगितलं. ती दूरच्या शहरात असते, तिला वाटतं आई आता काहीही बघते.

“आई, दिसतात गं माणसं सारखी.”

“शर्ट मी घेतलेला आहे. त्यांना आवडला नव्हता तो.”

“बाबा तसं म्हणाले होते?”

“काही म्हणाले नव्हते. म्हणजे आवडला नव्हता.”

मग मस, बटणं वगैरे सांगितल्यावर ती म्हणाली, “फोटो उलटा छापलाय. म्हणजे बघ ना, बाबा आरशात स्वतःला जसे दिसायचे, तसे आहेत ते.”

हिला लहानपणापासून असलं काहीतरी सुचतं. मी म्हटलं, आरसा असो नाहीतर खिडकी, परवानगीशिवाय माझा नवरा दुकानात उभा करण्याचा अधिकार यांना कुणी दिला? ती म्हणाली, “तू रोज जातेस का तिकडे?” मी म्हटलं, तपास चालू आहे.

शनिवार, ८ मार्च

नेमकी चिडले कशावर आहे ते स्वतःला विचारून पाहिलं. तक्रार अर्जात एक रकाना असतो, ‘तक्रारीचे स्वरूप’. लोक तिथे काहीबाही भरतात. बिअर प्यायले म्हणून? डॉक्टरांना मी आज फोन करून विचारलं, ते म्हणाले, त्याचा आणि मृत्यूचा काही संबंध नाही. मला सांगितलं नाही म्हणून? मग मला सांगायचं नव्हतं असं आणखी काय काय असेल?

का त्या हसण्यावर? रकाना रिकामा ठेवते.

मंगळवार, ११ मार्च

कंपनीच्या ऑफिसात गेले. बसायला खुर्ची नाही, दाणे भरलेली पोती ठेवली आहेत. त्यांत बसलेला माणूस उठेल कसा, हा विचार न करता तरुण मंडळी त्यांत रुतून बसली होती. मी उभी राहिले. कॉन्व्हेंटात सिस्टर सांगायच्या, राग आला की पाठ ताठ करा आणि वाक्य पूर्ण करा.

प्रसिद्धीचं काम पाहणारा साहेब आला आणि एका पोत्यात बसला. वय तिशीचं, बुटांची टोकं अशी की त्यांनी झुरळ कोपऱ्यात मारता यावं. मी त्याचं नाव टोकदार बूट ठेवलं आहे. त्यानं समजावून सांगितलं. बिअर बाहेरून आलेली, इथे कुणाला माहीत नव्हती. टीव्हीवर जाहिरात चालत नाही. म्हणून ते दर गुरुवारी नदीकाठच्या हॉलमध्ये पार्टी ठेवतात, पहिला ग्लास फुकट. ज्यांना आवडते ते आणखी लोक आणतात. असे जे अगदी कट्टर होतात त्यांना चाहते म्हणायचं, त्यांचेच फोटो दुकानात लावायचे.

“लोक मॉडेलवर विश्वास ठेवत नाहीत, मॅडम. शेजारच्या काकांवर ठेवतात.”

“आणि तोंड उलटं का केलंत?”

“बाटल्यांचा ढीग त्यांच्या उजव्या हाताला होता ना. फोटोत सर डावीकडे बघत होते, नजर मालाकडे हवी. म्हणून सरांना फिरवलं.”

फिरवलं! चाळीस वर्षांत मला जमलं नाही ते यानं एका बोटानं केलं.

गुरुवार म्हणजे ह्यांचा पाय मोकळे करायला जायचा दिवस. आमच्याच खात्यात नकाशे काढण्याच्या नोकरीत जन्म गेला, मान आखडते, चाललं की बरं वाटतं, असं म्हणायचे. मी मफलर द्यायची.

टोकदार बूट म्हणाला, “खरं तर आम्ही सरांनाच शोधतोय. बरेच महिने आले नाहीत. आम्हाला वाटलं, दुसऱ्या ब्रँडनं पळवले.”

“दुसऱ्या ब्रँडनं नाही,” मी म्हटलं.

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग तो पोत्यातून उठला. तेवढी रीत होती त्याच्यात.

मी नोटीस दिली. तीन रात्री बसून लिहिली होती. माझ्या पतीची जी जी छायाचित्रं, चित्रफिती, ध्वनिमुद्रणं, पुठ्ठे, फलक आपल्या ताब्यात आहेत ती सर्व हटवून कायमची नष्ट करावीत, कोणतीही प्रत कोणत्याही स्वरूपात शिल्लक ठेवू नये वा कुणालाही देऊ नये. एक पळवाट ठेवली नाही. खात्यात असताना असा मसुदा कुणी आणला असता तर मी त्याला चहा पाजला असता.

गुरुवार, १३ मार्च

हॉलवर गेले. नोटीस दिली तरी स्थळपाहणी झाली पाहिजे.

लांब टेबलं, कागदाच्या हिरव्या टोप्या, हिरवे झेंडे. दारातच हे, पुठ्ठ्याचे. माणसं आत येताना त्यांच्या खांद्यावर थाप मारत होती, खांद्यावरचा रंग उडाला होता तिथे. इतक्या थापा ह्यांना जन्मात कुणी मारल्या नसतील असं मला वाटत होतं.

चाहत्यांचं टेबल वेगळं. एक दणदणीत पोटाचा माणूस उठला. बस चालवायचा, आता निवृत्त आहे असं मागाहून समजलं.

“बाई, कुणाला शोधताय?”

“कुणाला नाही. दारात उभे आहेत त्यांची मी बायको.”

“अरे! रेडिओच्या मिसेस!” तो ओरडला. “या, या, बसा. खुर्ची आणा रे! रेडिओ कुठाय? किती दिवस दडी मारलीय! आजारी वगैरे आहे का?”

“तुमची माणूस ओळखण्यात चूक होते आहे,” मी म्हटलं. “माझे मिस्टर बोलत नसत.”

सगळे हसले. चष्मेवाली एक बाई तर टेबलावर हात मारून हसली. “बोलत नसत! अहो, एकदा लागला की बंद करायचं बटण सापडायचं नाही. पाइपलाइन टाकताना सापडलेली ती पेटी, साहेबांची पडलेली बत्तिशी... आम्ही पोट धरून...”

मग मला सांगावं लागलं. ऑक्टोबरात, झोपेत. बसवाल्यानं डोक्यावरची कागदी टोपी काढली आणि ती कुठे ठेवावी हे त्याला कळेना.

“आम्हाला कुणी कळवलं नाही हो.”

“मला तुम्ही कुठे माहीत होता?” मी म्हटलं. तिरसटपणे म्हणायचं होतं. तसं निघालं नाही.

चष्मेवाली म्हणाली, “तुम्ही मात्र आम्हाला माहीत होता. तुमच्याशिवाय त्याची गोष्टच व्हायची नाही.” मला संताप आला. म्हटलं, माझी थट्टा करायचे का? बसवाल्यानं फोन काढला. कंपनीनं आपल्या पानावर टाकलेली एक चित्रफीत होती, अर्ध्या मिनिटाची.

ह्यांचा आवाज. चांगला मोठा, खणखणीत. सांगत होते, मी डॉक्टरांची चिठ्ठी तांबड्या शाईनं तपासून परत पाठवली ते. माझी नक्कल केली, मान ताठ, भुवई वर. ‘डॉक्टर, आपलं अक्षर आणि आपलं निदान, दोन्ही पुन्हा करून आणा.’ मी तसं म्हटलं होतं हे खरं आहे. नक्कल हुबेहूब होती, हेही मान्य करायला हवं. लोक हसत होते. मग कुणीतरी विचारतं, “काय रे रेडिओ, घरीपण एवढा बोलतोस का?”

“छे,” हे म्हणतात. “घरी मी ऐकायला जातो.”

पुन्हा हशा. हे हात वर करून सगळ्यांना थांबवतात, पुढे काहीतरी सांगायला तोंड उघडतात, आणि तिथे ते बिअरचं नाव येतं आणि चित्रफीत संपते.

“पुढे काय म्हणाले?”

बसवाल्यानं डोकं खाजवलं. “शब्द नाही आठवत बाई. पण नंतर कुणी हसलं नव्हतं, एवढं आठवतं. हिनं डोळे पुसले होते.” चष्मेवाली म्हणाली, “माझ्या लक्षात राहील असं वाटलं होतं. नाही राहिलं. कंपनीवाल्यांनी पूर्ण घेतलंय ते, त्यांच्याकडे असणार.”

मी म्हटलं, पुन्हा लावा. त्यांनी पुन्हा लावली. मग पुन्हा.

दाराशी काचेच्या वाटीत पेपरमिंट ठेवतात, घरी जाताना घ्यायला. ह्यांच्या कोटात नेहमी असायचे. गॅस होतो म्हणाले होते. मी दोन डॉक्टरांकडे नेलं होतं.

शुक्रवार, १४ मार्च

स्वयंपाक केला नाही. ‘ऐकायला जातो.’ याचा सरळ अर्थ बायको बोलूच देत नाही, असा होतो. सगळ्यांसमोर. मग चष्मेवालीला रडायला काय झालं होतं?

रविवार, १६ मार्च

काल बसवाल्यानं त्या चित्रफितीची लिंक पाठवली होती, ती मी लेकीला पाठवली. आज सकाळी तिचा फोन. “आई, उघडत नाही गं. काढून टाकलीय असं येतंय.” बसवाल्याला विचारलं, त्याच्याकडेही उघडत नाही. त्याच्याकडे लिंकच होती, चित्रफीत नव्हती.

लेक रडायला लागली. म्हणाली, “माझ्याकडे बाबांचा आवाजच नाही. मी फोन केला की ते म्हणायचे, ‘थांब, आईला देतो.’ तेवढंच. तुझ्याकडे आहे का कुठे?”

असणारच म्हटलं. घरात माणूस एवढी वर्षं राहिला. दिवसभर शोधलं. तिच्या लग्नाच्या शूटिंगमध्ये भाषण मी करते आहे, हे शेजारी मान डोलावत आहेत. त्यांच्या सेवानिवृत्तीच्या समारंभात आभार मी मानले, त्यांचा घसा बसला होता. म्हणजे मी तसं सांगितलं होतं. नातवाच्या वाढदिवसाला तो विचारतो, “आजोबा, गोष्ट सांगा ना,” आणि मागून माझा आवाज, “आजोबांना नाही येत, इकडे ये, मी सांगते.” तिथे हे तोंड मिटताना दिसतात.

ते मी नीट पाहिलं. म्हणजे उघडलेलं होतं.

मंगळवार, १८ मार्च

दुकानात गेले. जागा रिकामी. बाटल्यांचा डोंगरही नाही, फरशीवर चिकटपट्टीचा चौकोन तेवढा उरलाय.

हिरव्या एप्रनवाली माझी वाट पाहत असल्यासारखी आली. “काकू, झालं बरं का तुमचं काम! काल सगळ्या दुकानांतून उचलले. मला आधी माहीत नव्हतं हो, मी आपलं मॉडेल म्हटलं. सॉरी.” मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, “आता एकतीस तारखेला मशीनमध्ये घालणार सगळे. गोडाऊनमध्ये भुगाच होतो त्यांचा. फोटो, व्हिडिओ, सगळं डिलीट. सक्त ऑर्डर आहे वरून.”

“कोणाची ऑर्डर?”

“तुमचीच की.”

मी तिला म्हटलं, चार पावलं मागे हो, मला बसायचं आहे. ती म्हणाली, इथे कुठे बसता? मी त्या चौकोनात खाली बसले. तिनं पाणी आणलं, त्याच इवल्या कपात. मॅनेजर लांबून बघत होता, या वेळी धावत आला नाही.

गुरुवार, २० मार्च

टोकदार बुटाला फोन केला. त्याला वाटलं, मी आभार मानायला केला.

“मॅडम, आम्ही शब्दन् शब्द पाळलाय. कायदेविभाग म्हणाला, इतकी पक्की नोटीस त्यांनी पाहिली नव्हती.”

“गुरुवारच्या पार्टीची पूर्ण चित्रफीत आहे ना तुमच्याकडे?”

“आहे, पण सील केलीय. एकतीसला बाकी सगळ्याबरोबर जाईल. काळजी करू नका.”

“मला ती ऐकायची आहे.”

तिकडे कागद चाळल्याचा आवाज. मग तो हळूच म्हणाला, “मॅडम, तुम्हीच लिहिलंय, कोणतीही प्रत कोणत्याही स्वरूपात, कुणालाही. म्हणजे तुम्हालाही देता येत नाही. मी दिली तर माझी नोकरी जाईल. तुमच्याच पत्रावर.”

“मग मी आता सांगते आहे ना!”

“तोंडी नाही चालणार, मॅडम. लेखी लागेल.”

हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल, खिडकीच्या आत बसून. समोरच्या माणसाचा चेहरा त्या वेळी कसा होतो ते मला ठाऊक आहे. आज तो चेहरा कुणी पाहिला नाही एवढंच बरं.

शुक्रवार, २१ मार्च

सकाळी बसवाला आणि चष्मेवाली घरी आले होते. त्यांना त्या संध्याकाळचं आणखी काही आठवतंय का म्हणून मीच बोलावलं. नाही आठवलं. पण मी मध्ये बोलले नाही, त्यामुळे त्यांनी इतर बरंच सांगितलं. पेटीचं. साहेबांच्या बत्तिशीचं. ती बत्तिशी पडली तेव्हा मी त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर होते.

ते गेल्यावर पत्र लिहिलं आणि स्वतः नेऊन दिलं. पोच घेतली. नक्कल इथे उतरवते.

‘महोदय,

दिनांक ११ मार्चच्या नोटिशीतील मागण्यांमध्ये पुढीलप्रमाणे दुरुस्ती करीत आहे. नोटीस मागे घेत नाही.

एक. माझ्या पतीची गुरुवारच्या कार्यक्रमांतली सर्व मुद्रणं नष्ट करू नयेत, ती मला द्यावीत. ३१ मार्चची कार्यवाही तातडीने थांबवावी.

दोन. मुद्रणं संपूर्ण द्यावीत. मागचा गोंगाट, हशा, टाळ्या कमी करू नयेत. त्यांत माझ्याविषयी काही बोललं गेलं असेल, तर ते कितीही अपमानास्पद वाटलं तरी कापू नये. त्याबद्दल मी कुणावरही दावा करणार नाही, हे इथे लिहून देते.

तीन. पुठ्ठ्यांपैकी एक, खांद्यावरचा रंग उडालेला, मला हवा आहे. तो हॉलच्या दारात होता. गोडाऊनमधून हलवताना घडी घालू नये, आडवाही टाकू नये. टेम्पो मी आणीन. उलटा छापलेला असला तरी चालेल.

चार. त्या अर्ध्या मिनिटानंतर ते काय बोलले, हे आपल्यापैकी कुणी ऐकलं असल्यास आणि मुद्रण याआधीच नष्ट झालं असल्यास, त्या व्यक्तीने आठवेल तेवढं, आठवेल तसं लिहून पाठवावं. शुद्धलेखनाची चिंता करू नये. मी काही तपासणार नाही.

या पत्राचं लेखी उत्तर शुक्रवार, दिनांक २८ मार्च, संध्याकाळी पाच वाजण्यापूर्वी माझ्या हाती पडलं पाहिजे. मी दिवसभर घरीच असते.’